हृदयशस्त्रक्रियेची फलनिष्पत्ती : प्रौढ व बालके

हृदयावरील शस्त्रक्रियेनंतर रुग्ण जगला की नाही, जगला तर किती काळ आणि कोणत्या अवस्थेत, व त्याला पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली का, या प्रश्नांच्या मोजता येणाऱ्या उत्तरांना एकत्रितपणे फलनिष्पत्ती म्हणतात. तिचे सर्वांत रूढ माप म्हणजे शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांत किंवा त्याच रुग्णालयवासात झालेल्या मृत्यूंचे शेकडा प्रमाण. हे माप काढायला सोपे आहे आणि शल्यगृहातील व अतिदक्षता विभागातील कामाबद्दल ते पुष्कळ सांगते. परंतु नांदेड जिल्ह्यातील कंधारसारख्या तालुक्यातील रुग्णाला ते पुरे पडत नाही, कारण त्याचे भवितव्य बऱ्याच अंशी आजार कधी ओळखला गेला यावर आणि गावी परतल्यानंतर औषधे व तपासण्या चालू राहिल्या का यावर ठरते.

मन्याड नदीकाठी वसलेले आणि राष्ट्रकूटकालीन किल्ल्यासाठी प्रसिद्ध असलेले कंधार नांदेडपासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे. तालुक्याच्या ठिकाणी ग्रामीण रुग्णालय, नांदेडजवळ विष्णुपुरी येथे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, अशी येथील सरकारी उपचारांची उतरंड आहे. गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियांसाठी, विशेषतः नवजात अर्भकांच्या, मुंबई, पुणे किंवा हैदराबाद गाठावे लागते.

प्रौढांमध्ये सर्वाधिक होणारी शस्त्रक्रिया म्हणजे बायपास. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या परिमंडली रोहिण्यांत अडथळा, म्हणजे बोलीतील ब्लॉकेज, निर्माण झाल्यास छातीच्या आतील रोहिणी किंवा पायातील नीला जोडून रक्ताला दुसरी वाट करून दिली जाते. ठरवून केलेल्या बायपासमध्ये चांगल्या केंद्रांतील मृत्यूचे प्रमाण साधारणपणे शेकडा १ ते ३ असते. झटका आल्यावर तातडीने करावी लागल्यास, हृदयाची पंपशक्ती आधीच खालावलेली असल्यास किंवा मूत्रपिंडे बिघडलेली असल्यास ते कितीतरी वाढते. छातीच्या आतील डाव्या रोहिणीची जोडणी दहा वर्षांनंतरही शेकडा ९० हून अधिक रुग्णांत खुली राहते, तर पायातील नीलेच्या जोडण्यांपैकी जवळजवळ निम्म्या तेवढ्या काळात बंद पडतात, आणि तंबाखू न सोडणाऱ्या व साखर आटोक्यात न ठेवणाऱ्या रुग्णांत हा धोका वाढतो. मधुमेही रुग्णांत उरोस्थीची, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाची, जखम चिघळण्याचे प्रमाणही अधिक असते. त्यामुळे जखम भरली, टाके सुकले, म्हणजे उपचार संपला असे मानता येत नाही.

झडपांच्या विकारांत मराठवाड्यातील परिस्थिती अधिक लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. बालपणी घसा दुखण्यास कारणीभूत होणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूच्या संसर्गानंतर काही मुलांना संधिवाताचा ताप येतो, सांधे सुजतात व ओसरतात, पण हृदयाच्या झडपांवर त्याचा कायमचा व्रण राहतो. विशेषतः डाव्या बाजूची द्विदली झडप आकसते आणि पंचविशी-तिशीत, अनेकदा एखाद्या स्त्रीच्या गरोदरपणातच, दम लागून आजार उघडकीस येतो. झडप योग्य स्थितीत असेल तर फुग्याने ती रुंद करता येते, नसेल तर बदलावी लागते. धातूची किंवा तत्सम यांत्रिक झडप दीर्घकाळ टिकते, परंतु तिच्यावर रक्त साकळू नये म्हणून वॉरफेरिनसारखे रक्त पातळ ठेवणारे औषध जन्मभर घ्यावे लागते. प्राण्यांच्या ऊतींपासून केलेल्या झडपेला बहुधा ते लागत नाही, मात्र ती साधारणपणे १० ते १५ वर्षांत झिजते, आणि तरुण रुग्णांत त्याहूनही लवकर. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने विकसित केलेली व १९९० मध्ये पहिल्यांदा बसवली गेलेली चित्रा झडप यांत्रिक असल्याने तिलाही हा नियम लागू आहे.

वॉरफेरिनची मात्रा ‘आयएनआर’ या रक्ततपासणीच्या आकड्यावरून ठरते. झडपेच्या प्रकारानुसार आणि जागेनुसार हा आकडा साधारणपणे २ ते ३.५ च्या पट्ट्यात ठेवतात. तो घसरला तर झडपेवर गाठ बसून ती अडकते किंवा गाठ मेंदूत जाऊन पक्षाघात होतो, आणि फार चढला तर रक्तस्राव होतो. पालेभाज्यांचे प्रमाण एकदम बदलणे, दुखण्यावर दुकानातून आणलेली गोळी, नवे प्रतिजैविक औषध, यांपैकी कशानेही तो हलतो, आणि पहिल्या तिमाहीत हे औषध गर्भालाही अपायकारक ठरू शकते. कंधार, मुखेड या बालाघाटाच्या भागातून अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात व पाच-सहा महिने फडावर राहतात. दर महिन्याला रक्त तपासणारे ओळखीचे ठिकाण तेथे नसते. शस्त्रक्रिया उत्तम झालेली स्त्री अशा काळात दगावली, तर ती कोणत्याही रुग्णालयाच्या ३० दिवसांच्या मृत्युदरात मोजली जात नाही. तिची नोंद जिल्ह्यात न होणे, हीच या विषयातील सर्वांत मोठी उणीव मानावी लागेल. ज्यांना एकदा संधिवाताचा ताप येऊन गेला आहे, त्यांना दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन नियमित दिल्यास झडपेची पुढील हानी पुष्कळ टळते, आणि हा उपचार प्राथमिक आरोग्य केंद्रातही होऊ शकतो.

बालकांचे गणित वेगळे असते. दर १००० जिवंत जन्मांमागे सुमारे ८ ते ९ बालकांना हृदयाचा जन्मजात दोष असतो. त्यांतील पुष्कळ दोष किरकोळ असून काही छिद्रे आपोआप बुजतात. उरलेल्यांत वेळ हाच निर्णायक घटक ठरतो. दोन निलयांमधील पडद्याला मोठे छिद्र असल्यास फुप्फुसांत जादा रक्त जात राहते, बाळ दूध पिताना थांबून थांबून पिते, त्याच्या कपाळावर घाम येतो, वजन वाढत नाही आणि त्याला वारंवार न्यूमोनिया होतो. पहिल्या वर्षाच्या आत छिद्र बंद केल्यास असे बाळ जवळपास सर्वसामान्य आयुष्य जगते व शस्त्रक्रियेतील धोका अनुभवी केंद्रांत शेकडा १-२ च्या आसपास असतो. परंतु काही वर्षे गेल्यास फुप्फुसांतील रक्तवाहिन्या जाड होऊन दाब कायमचा चढतो, आणि मग छिद्र बंद करणे हेच जीवघेणे ठरते. महारोहिणी व फुप्फुसरोहिणी यांची अदलाबदल झालेल्या नवजात बालकावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच शस्त्रक्रिया व्हावी लागते, कारण त्यानंतर डावा निलय दुबळा पडतो. बाळंतपणानंतर घरी नेण्याआधी बाळाच्या पायाला प्राणवायू मोजणारे साधे यंत्र लावले, तर असे निळे पडणारे दोष पुष्कळदा त्याच दिवशी लक्षात येतात.

लवकर शोध घेण्याच्या दृष्टीने महाराष्ट्राला विशेष स्थान आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे झाला; त्यातील फिरती पथके अंगणवाड्यांतील मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळांतील मुलांना एकदा तपासतात, संशयित मुलांची टू-डी इको तपासणी करवतात व शस्त्रक्रियेसाठी पुढे पाठवतात. खर्चाच्या बाजूने नांदेड जिल्ह्याला अग्रमान मिळाला : राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत नांदेड होता, आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर गेली. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारकांना वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण, ९७२ उपचार व १२१ पाठपुरावा सेवा असे तिचे स्वरूप होते. २०१७ पासून ती महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते, आणि नांदेड व लातूरसह १४ शेतकरी-आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतील पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांनाही तिच्यात घेण्यात आले. पाठपुराव्याची तरतूद योजनेतच असणे महत्त्वाचे आहे. ती घेण्यासाठी एसटीचे भाडे आणि बुडालेला रोज मात्र कुटुंबालाच सोसावा लागतो.

शल्यकौशल्य पुरेसे नसते, याची ठळक साक्ष मुंबईच्या इतिहासात आहे. डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी के.ई.एम. रुग्णालयात फेब्रुवारी १९६८ मध्ये, म्हणजे केपटाउनच्या जगातील पहिल्या हृदयरोपणानंतर तीन महिन्यांच्या आत, हृदयरोपण केले. रुग्ण काही तासच जगला. मेंदुमृत्यूला मान्यता देणारा १९९४ चा कायदा, परिणामकारक प्रतिकारशामक औषधे आणि अवयववाटपाची व्यवस्था हे सारे जुळून येईपर्यंत शहरात या उपचाराला यश आले नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये मुलुंडच्या रुग्णालयात डॉ. अन्वय मुळे यांच्या पथकाने ते मिळवले.

केंद्रांची तुलना करताना कच्चे आकडे फसवे ठरतात, कारण अत्यवस्थ रुग्ण स्वीकारणाऱ्या रुग्णालयाचा मृत्युदर स्वाभाविकच जास्त असतो. यासाठी प्रौढांकरिता युरोस्कोर व बालकांकरिता शस्त्रक्रियेच्या काठिण्यावर आधारित वर्गवाऱ्या वापरून अपेक्षित व प्रत्यक्ष मृत्यू यांची सांगड घालतात. न्यूयॉर्क राज्याने १९९० च्या सुमारास बायपासचे असे जोखीमसापेक्ष निकाल प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल येथील बालमृत्यूंच्या चौकशीचा २००१ चा अहवाल आल्यानंतर शल्यविशारदांचे निकाल खुले होत गेले. भारतात अशी प्रसिद्धी सक्तीची नाही, त्यामुळे मुलाला कोठे न्यावे हे कंधारचे पालक शेजाऱ्याच्या अनुभवावरून किंवा योजनेच्या आरोग्यमित्राच्या सल्ल्यावरून ठरवतात.

बालपणी दुरुस्त झालेले हृदय प्रौढपणी पुन्हा तपासावे लागते. चार दोष एकत्र असलेल्या फॅलो चतुष्टयाच्या शस्त्रक्रियेनंतर फुप्फुसाकडील झडप पुढे गळू लागते व विशी-तिशीत ती बदलण्याची वेळ येऊ शकते, म्हणून अशा रुग्णाने वर्षा-दोन वर्षांनी इको करून घ्यावी आणि लहानपणीची शस्त्रक्रियेची कागदपत्रे, त्यांतही कोणता दोष कसा दुरुस्त केला हे सांगणारा डिस्चार्ज कागद, लग्नानंतर घर बदलले तरी सोबत न्यावा.