मुन्नारच्या चहामळ्यांचा इतिहास कोणाचा?

आपल्याकडून केरळला जाणारी बहुतेक कुटुंबे मुन्नारला दोन दिवस थांबतातच. दिवाळीच्या सुट्टीत आम्हीही गेलो. डोंगरामागून डोंगर चहाने झाकलेले. सोबतचे प्रवासी म्हणत होते, काय निसर्ग आहे! पण मुन्नारची ती हिरवळ निसर्गापेक्षा माणसांच्या हातांनी जास्त घडवली आहे. चहाचे रोप मोकळे सोडले तर झाडासारखे उंच वाढते. मुन्नारमध्ये ते कमरेएवढे दिसते, कारण त्याची पाने सारखी खुडली जातात आणि दर चार-पाच वर्षांनी ते छाटले जाते. खुडणे थांबले तर काही वर्षांत तिथे रान माजेल. म्हणून हे हात कोणाचे, ते तिथे कसे आले, हाच मुन्नारचा खरा इतिहास आहे असे मला वाटते.

पुस्तकांत आणि माहितीफलकांवर तो साधारण असा सांगतात. १८७७ साली जॉन डॅनियल मन्रो या ब्रिटिश अधिकाऱ्याने पूंजारच्या राजघराण्याकडून कण्णन देवन डोंगर पट्ट्याने घेतले. आधी कॉफी आणि सिंकोना लावून पाहिले. १८८०च्या सुमारास ए. एच. शार्प यांनी चहा लावला आणि तो जगला. १८९७ साली कण्णन देवन हिल्स प्रोड्यूस कंपनी उभी राहिली. मुन्नारहून टॉप स्टेशनपर्यंत छोटी रेल्वे आली आणि तिथून रोपवेने चहाची खोकी खाली तमिळ मुलखात उतरू लागली. १९२४च्या महापुरात ती रेल्वे वाहून गेली, पुन्हा बांधली नाही. नल्लतण्णी मळ्यातल्या चहा संग्रहालयात जुनी यंत्रे आहेत, पाण्यावर फिरणारे १९०५चे पेल्टन चाक आहे. यंत्रांचा इतिहास तिथे नीट कळतो. मजुरांचा शोधायला बाहेर पडावे लागते.

मळे घाटमाथ्यावर होते, मजूर खालून आणावे लागत. तिरुनेलवेली, मदुराई, रामनाथपुरम या कोरड्या जिल्ह्यांतली माणसे आणली गेली, त्यांत दलित फार मोठ्या संख्येने होते. त्यांना आणणाऱ्याला कंगाणी म्हणत. हा कंगाणी मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. बीडचा ऊसतोड मुकादम जशी उचल देऊन अख्खे कुटुंब कोयत्यावर नेतो, तसाच कंगाणी आगाऊ पैसे देऊन कुटुंबे डोंगरावर नेई. उचल फिटेपर्यंत मजूर बांधलेला. फरक एवढाच की आपला ऊसतोड मजूर हंगाम संपला की गावी परततो. मुन्नारचा मजूर तिथेच राहिला, पिढ्यान् पिढ्या.

मळ्यात एका बाईंशी बोलायचा प्रयत्न केला. त्यांना हिंदी येईना, मला तमिळ येईना. आमचा ड्रायव्हर दुभाषा झाला. त्यांची आजी तिरुनेलवेलीहून आली होती. आई याच मळ्यात होती, आता त्या. मी म्हटले, ताई, मग तुमचे गाव कोणते? त्यांनी हाताने मळा दाखवला आणि हसल्या.

या उत्तरामागे आणखी एक गोष्ट आहे. ज्या राज्य पुनर्रचनेने आपल्याला बेळगाव-कारवारचा प्रश्न दिला, त्याच १९५६च्या पुनर्रचनेत देवीकुलम आणि पीरमेड या तालुक्यांचा वाद झाला. मजूर तमिळ, पण तालुके केरळात राहिले. आजही मुन्नार भागात तमिळ माध्यमाच्या शाळा आहेत. घरची भाषा एक, राज्याची दुसरी, हे ओझे मुलांच्या दप्तरात कसे असते ते उर्दू शाळेत मराठी शिकवताना मी रोज बघतो.

भाषेपेक्षा मोठा प्रश्न छपराचा. मजूर ज्या खोल्यांच्या रांगांत राहतात त्यांना लयम म्हणतात. १९५१च्या मळे कामगार कायद्याने मालकावर घर, दवाखाना, पाळणाघर यांची जबाबदारी टाकली. चांगलाच कायदा. पण घर नोकरीला बांधलेले राहिले. निवृत्तीनंतर घरातले कोणी मळ्यात कामाला नसेल तर खोली सोडावी लागते. शंभर वर्षे डोंगर राखूनही हातभर जमीन नावावर नाही.

६ ऑगस्ट २०२०च्या रात्री पेट्टीमुडीत दरड लयमांवर कोसळली. ७० माणसे गेली. पर्यटक नीलगिरी ताहर बघायला जातात त्या राजमलाच्याच पुढे हे ठिकाण आहे. मुन्नारच्या जुन्या चर्चच्या टेकडीवर १८९४ साली कॉलऱ्याने गेलेल्या एलिनॉर या मळ्याच्या साहेबाच्या पत्नीची कबर आहे. गाईड तिची गोष्ट आवर्जून सांगतात, आणि सांगावीच. परमुलखात मेलेल्या बाईचे दुःख खरेच आहे. पण त्याच काळात हिवतापाने आणि कॉलऱ्याने गेलेल्या मजुरांची गोष्ट कोणी सांगत नाही.

बायकांनी स्वतःची गोष्ट एकदा स्वतःच सांगितली. सप्टेंबर २०१५मध्ये बोनस २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आला, तेव्हा हजारो बायकांनी मुन्नारचा रस्ता अडवला. रोजची मजुरी होती २३२ रुपये. विशेष म्हणजे त्यांनी पक्षांच्या युनियनमधल्या पुरुष नेत्यांनाही दूर ठेवले. संघटनेला नाव दिले पेम्बिळै ओरुमै, म्हणजे बायकांची एकजूट. नऊ दिवसांत बोनस आणि जादा रक्कम मिळून २० टक्के पदरात पडले. पुढे मजुरी ३०१ रुपये झाली. मागणी ५००ची होती.

मौलाना आझाद अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते तेव्हा ‘गुबार-ए-खातिर’मधल्या पत्रांत त्यांनी चहावर मनसोक्त लिहिले. चिनी चहा, तोही दुधाशिवाय, एवढाच त्यांना मान्य. हिंदुस्थानात पिकणाऱ्या पानाला ते चहा मानायलाच तयार नव्हते. उर्दूतले ते फार सुंदर गद्य आहे, मी विद्यार्थ्यांना आवडीने सांगतो. आता ते सांगताना मुन्नारही सांगणार आहे. मौलानांनी नाकारलेले ते पान ज्या बायका खुडतात, त्यांची मजुरी, त्यांचे लयम आणि त्यांचे ते नऊ दिवस हासुद्धा चहाचाच इतिहास आहे.