हिम्मत शहा

हिम्मत शहा (२२ जुलै, १९३३ – २ मार्च, २०२५) हे भारतीय शिल्पकार व चित्रकार होते. भाजलेल्या मातीतून (टेराकोटा) घडविलेली मानवी मस्तके ही त्यांची प्रमुख ओळख होय. पाषाण आणि ब्राँझ हीच शिल्पाची प्रतिष्ठित माध्यमे मानली जात होती आणि मातीकाम कुंभाराच्या व्यवसायाशी जोडून बाजूला ठेवले जात होते, अशा काळात शहा यांनी आपल्या उमेदीची बरीच वर्षे मातीला दिली. शिल्पांखेरीज रेखाटने, जळालेल्या कागदाची कोलाजचित्रे आणि विटा-सिमेंटची भित्तिशिल्पे हीसुद्धा त्यांची महत्त्वाची निर्मिती आहे.

बालपण व शिक्षण

शहा यांचा जन्म गुजरातमधील लोथल येथे एका जैन कुटुंबात झाला. लोथल हे हडप्पा संस्कृतीचे स्थळ म्हणून आज सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे शहा यांच्या मस्तकांचा उगम थेट तेथील प्राचीन मृण्मय अवशेषांत शोधण्याचा मोह अनेक लेखकांना होतो. तो जरा आवरलेला बरा. पुरातत्त्वज्ञ एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली लोथलचे उत्खनन १९५५ मध्ये सुरू झाले, तेव्हा शहा बाविशीच्या घरात होते आणि शिक्षणासाठी गावाबाहेर पडलेले होते. मातीची ओढ त्यांना लागली ती जमिनीखालच्या नगरापेक्षा गावातील कुंभारांच्या सहवासात, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

घरच्या व्यापारी वातावरणात ते रमले नाहीत. भावनगर येथील घरशाळा या संस्थेत कलाशिक्षक जगुभाई शहा यांच्या हाताखाली त्यांनी चित्रकलेचे पहिले धडे घेतले. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी बालशिक्षणाचे प्रयोग केले ते याच भावनगरात. मुलाच्या हाताला मोकळीक देणारे हे वातावरण शहा यांना मानवले. त्यानंतर काही काळ ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत होते. १९५६ मध्ये ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विभागात दाखल झाले. तेथे नारायण श्रीधर बेंद्रे आणि के. जी. सुब्रमण्यन हे त्यांचे गुरू होते. सुब्रमण्यन हे लोककला व हस्तकला यांना आधुनिक कलेच्या बरोबरीचे स्थान देणारे विचारवंत चित्रकार. पुढे त्यांनी स्वतःही टेराकोटात उठावशिल्पे केली. बडोद्यातील शहा यांचे शिक्षण मुख्यतः चित्रकाराचे होते, शिल्पाकडे ते नंतर वळले.

ग्रुप १८९०

१९६२ मध्ये भावनगर येथे जमलेल्या काही तरुण कलावंतांनी 'ग्रुप १८९०' स्थापन केला. ज्या घरात बैठक झाली त्या घराचा क्रमांक १८९० होता, एवढाच या नावाचा अर्थ. त्याचा कोणत्याही सनाशी संबंध नाही. जगदीश स्वामीनाथन, जेराम पटेल, गुलाम मोहम्मद शेख, ज्योती भट्ट, राघव कनेरिया यांच्यासह बारा कलावंत या गटात होते. त्यांपैकी अंबादास खोब्रागडे हे मूळचे अकोल्याचे. गटाचे एकमेव प्रदर्शन ऑक्टोबर १९६३ मध्ये नवी दिल्लीतील रवींद्र भवनात भरले. उद्‌घाटन पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी केले आणि प्रदर्शनाच्या पुस्तिकेची प्रस्तावना मेक्सिकोचे तत्कालीन राजदूत, कवी ओक्टाव्हियो पाझ यांनी लिहिली. एवढ्या थाटाचा आरंभ होऊनही गट लवकरच विसर्जित झाला.

याच दशकात शहा यांनी जळालेल्या कागदाची कोलाजचित्रे केली. कागदाला पेटत्या सिगारेटने भोके पाडायची, कडा करपवायच्या आणि त्या डागांतून रचना उभी करायची, अशी ही पद्धत होती. अग्नीला हत्यारासारखे वापरण्याची ही सवय पुढे भट्टीपाशी त्यांच्या कामी आली.

पॅरिस आणि अहमदाबाद

१९६७ मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पॅरिसला गेले. तेथे 'आतेलिए १७' या प्रसिद्ध मुद्रणशाळेत त्यांनी एस. डब्ल्यू. हेटर आणि कृष्णा रेड्डी यांच्याकडे अम्लरेखनाचे शिक्षण घेतले. परतल्यावर अहमदाबादच्या सेंट झेवियर्स शाळेसाठी त्यांनी विटा, सिमेंट व काँक्रीट यांची भव्य भित्तिशिल्पे केली. हे काम १९७१ पर्यंत चालले. भिंतीतून पुढे आलेल्या खाचा, कोनाडे आणि चौकोन यांची ही रचना म्हणजे शिल्पकार म्हणून त्यांचे पहिले मोठे काम होय.

मातीची मस्तके

त्यानंतर शहा दिल्लीत राहिले. ललित कला अकादमीच्या गढी येथील कार्यशाळेत त्यांनी दीर्घकाळ काम केले. तेथे साधने बेताची होती आणि मातीच्या शिल्पांना गिऱ्हाईकही फारसे नव्हते. शहा यांनी नोकरी धरली नाही. अत्यंत साधेपणाने राहून ते माती मळत व भाजत राहिले.

या कामातील अडचण समजण्यासाठी माध्यमाचा स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. माती वाळताना आकसते. जाडी कमीजास्त असेल तर ती तडकते, आत ओल राहिली तर भट्टीत तिची वाफ होऊन शिल्प फुटते. म्हणून मातीचे मोठे शिल्प भरीव ठेवता येत नाही, ते मडक्यासारखे आतून पोकळच असावे लागते. शहा यांनी यासाठी पातळ मातीच्या ओतकामाचा अवलंब केला. प्लास्टरच्या साच्यात मातीचा रबडा ओतला की प्लास्टर पाणी शोषून घेते आणि साच्याच्या आतील बाजूस मातीचा सारखा थर बसतो; उरलेला रबडा ओतून टाकतात. कपबशांच्या कारखान्यात ही पद्धत एकसारख्या प्रती काढण्यासाठी वापरली जाते. शहा यांनी तिचा उपयोग नेमका उलट केला. साच्यातून निघालेला आकार हा त्यांच्यासाठी कच्चा माल असे. तो ओला असतानाच ते त्याला दाबत, चिरत, खरवडत, त्यावर तुकडे जोडत आणि प्रत्येक मस्तक वेगळे करीत.

ही मस्तके कोणा व्यक्तीची नाहीत. उंच निमुळती डोकी, नाकाच्या जागी एखादा कंगोरा, डोळ्यांच्या जागी चीर किंवा नुसता खळगा, तोंड असले तर मिटलेले. काहींवर सोन्याचा वा चांदीचा वर्ख लावलेला आहे, तर काहींच्या अंगावर गोंदणासारख्या रेघा आहेत. पुष्कळ मस्तके पाहिली तरी कंटाळा येत नाही, कारण भाव चेहऱ्यापेक्षा पृष्ठभागातून प्रकट होतो. मस्तकांबरोबरच बाटल्या, भांडी आणि टाकाऊ वस्तू यांचे आकारही त्यांनी मातीत केले. अभ्यासकांचे लक्ष त्यांच्याकडे त्या मानाने कमी गेले आहे.

उत्तरकाळ

२००० च्या सुमारास शहा जयपूरला स्थायिक झाले. याच काळात त्यांची अनेक शिल्पे ब्राँझमध्ये ओतली गेली. काही ओतकाम लंडन येथे झाले. ब्राँझमुळे शिल्पे टिकाऊ झाली, परदेशी प्रदर्शनांत गेली आणि शहा यांना आर्थिक स्थैर्यही लाभले. तरीही मातीच्या मस्तकावर बोटाचा दाब जसा दिसतो तसा तो धातूत उतरत नाही, हे दोन्ही प्रकार शेजारी ठेवल्यास सहज लक्षात येते.

मध्य प्रदेश शासनाचा कालिदास सन्मान त्यांना मिळाला. २०१६ मध्ये दिल्लीच्या किरण नाडर कलासंग्रहालयाने 'हॅमर ऑन द स्क्वेअर' या नावाने त्यांच्या १९५७ ते २०१५ या काळातील कामाचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरविले. त्याची मांडणी रुबिना करोडे यांनी केली होती. त्या वेळी शहा ८२ वर्षांचे होते. रेखाटनाची सवय त्यांनी वार्धक्यातही सोडली नाही. २ मार्च, २०२५ रोजी जयपूर येथे वयाच्या ९१व्या वर्षी त्यांचे निधन झाले.