नाव दोन, गोफर एकच: जिओमिसचा इतिहास

जीवशास्त्रात संशोधन करायचं ठरवलं असेल, तर जिओमिस या प्रजातीचा इतिहास एकदा बघाच. (परिभाषेप्रमाणे प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज. वर्तमानपत्रांत यांची सर्रास अदलाबदल होते, तुम्ही करू नका.) हे उत्तर अमेरिकेतले बिळं खणणारे कृंतक प्राणी. गालांना बाहेरून उघडणाऱ्या केसाळ पिशव्या असतात, त्यांत अन्न भरून बिळात न्यायचं, म्हणून नाव पॉकेट गोफर. 1800 साली जॉर्ज शॉ यांनी यातल्या एका जातीचं वर्णन केलं, तेव्हा चित्रात या पिशव्या तोंडाबाहेर फुगून लोंबताना दाखवल्या होत्या! जिओमिस हे नाव 1817 मध्ये राफिनेस्क यांनी दिलं.

आता मुख्य मुद्दा. 1898 मध्ये आउट्रम बँग्ज यांनी जॉर्जिया राज्यातल्या कॅमडेन काउंटीतले गोफर वेगळी जाती ठरवले: जिओमिस कोलोनस. पुढे ते फारच थोडे उरलेत हे लक्षात आलं आणि राज्याने त्यांना संकटग्रस्त जाती म्हणून संरक्षण दिलं. पण ती मुळात वेगळी होती का?

हे तपासायला तुलनेची सामग्री तयार होती. जॉन अ‍ॅव्हिस आणि सहकाऱ्यांनी 1979 मध्ये अलाबामा, जॉर्जिया आणि फ्लोरिडातल्या 87 जिओमिस पिनेटिस गोफरांचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए तपासला होता. हा डीएनए फक्त आईकडून येतो, आणि गोफर काही फार लांब भटकत नाहीत. त्यामुळे कुठल्या भागात कुठली मातृवंशावळ आहे, ते नकाशावर मांडता येतं. पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या गोफरांत स्पष्ट फट दिसली. नाव मात्र दोघांचं एकच!

1982 मध्ये कोलोनसची पाळी आली. प्रथिनं, गुणसूत्रं, मायटोकॉन्ड्रियल डीएनए, सगळं पाहिलं. शेजारच्या पिनेटिसपासून ते वेगळे निघेनात. म्हणजे जिथे नावं दोन होती तिथे फरक नाही, आणि जिथे नाव एक तिथे खोल फरक.

काहीजण यावरून म्हणतात, संरक्षणाचे कष्ट वाया गेले. मला ते पटत नाही. कोलोनस ही जाती नाही एवढंच सिद्ध झालं. कॅमडेनचे गोफर राखायचे की नाही, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचं उत्तर डीएनए देत नाही. अ‍ॅव्हिस यांच्या गटाने पुढे 1987 मध्ये या अभ्यासपद्धतीला फायलोजिओग्राफी हे नाव दिलं. तुमच्या विद्यापीठात त्यावर पेपर असेल, तर 1979 चा तो लेख मुळातून वाचा.