दूरध्वनी, मक्ता आणि सीमारेषा



मी मराठीचा प्राध्यापक. अर्थशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तरीही दूरसंचारावरील सरकारी मक्ता उठवावा की नाही, आणि उठवावयाचा तर कोणत्या रीतीने, या प्रश्नाची जी झळ आपल्या सीमाभागाला लागली, तिचा इतिहास येथे मांडावासा वाटतो.

हा मक्ता १८८५ च्या तार कायद्याने दृढ केला आणि स्वातंत्र्यानंतरही तो तसाच राहिला. त्याचे दोष सर्वांना ठाऊक आहेत. जोडणीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. ट्रंककॉल लावून तासन् तास ताटकळावे लागे. मात्र ट्रंककॉलचा आणि पुढे एसटीडीचा दर अंतरावर ठरे. निपाणीला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ आहे, एवढेच त्या दरपत्रकाला कळत होते. १९५६ साली मध्ये राज्याची सीमा आली, हे त्याच्या गावीही नव्हते.

१९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने खासगी कंपन्यांना दार उघडले. मोबाइलचे परवाने सर्कलवार देण्यात आले आणि ही सर्कले बहुतांशी राज्यांच्या नकाशावर बेतलेली होती. बेळगाव, खानापूर, निपाणी कर्नाटक सर्कलमध्ये. लगतचे चंदगड, कागल महाराष्ट्रात. पिरनवाडीचा गृहस्थ लेकीला भेटावयास चंदगड तालुक्यात गेला की त्याचा फोन 'रोमिंग'वर जाई आणि आलेला फोन घेण्याचेही पैसे पडत. या दोन तालुक्यांतील सोयरीक मोबाइलहून कितीतरी जुनी. पण परवाना लिहिणाऱ्यास ती कोठून दिसणार?

अशी आखणी अपरिहार्य होती, असे म्हणता येत नाही. हरियाणातील गुडगाव व फरीदाबाद, उत्तर प्रदेशातील नोएडा व गाझियाबाद ही शहरे दिल्लीच्या सर्कलमध्ये घातली गेली. गोवा महाराष्ट्राला जोडला गेला. २००५ साली मुंबई आणि उर्वरित महाराष्ट्र ही दोन सर्कले असूनही त्यांच्यातील संभाषण एकाच सर्कलमधले मानले गेले. राजधानी आणि महानगर यांच्यासाठी रेषा वाकली; सीमाभागासाठी ती ताठ राहिली.

मक्ता उठवण्यास माझा विरोध नाही. १९९९ च्या धोरणाने ठोक परवानाशुल्काऐवजी उत्पन्नातील हिस्सा घेण्याचे ठरले, त्यानंतरच मोबाइल सामान्यांच्या आवाक्यात येऊ लागला. २००६ मध्ये बीएसएनएलने देशभर मिनिटाला एक रुपया हा दर आणला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने देशांतर्गत रोमिंगचा आकार ठेवला नाही आणि स्पर्धेपोटी इतर मोठ्या कंपन्यांनाही तो पुढे सोडावा लागला. परवान्यातील एका कलमाने जे पहिल्याच दिवशी साधले असते, त्यास दोन दशके लागली.

तोवर सीमेवरच्या माणसांनी आपला उपाय शोधला होता. खिशात दोन सिमकार्डे असत, एक कर्नाटकाचे, एक महाराष्ट्राचे; आणि शिनोळीच्या आसपास फोनवर कोणत्या राज्याचे जाळे उमटते, हे पाहून ती बदलली जात.