को-ब्रँडेड क्रेडिट कार्ड, विमान कंपन्यांचे

विमान कंपनी आणि बँक यांनी जोडनावाने काढलेले, खर्चाच्या प्रमाणात त्या कंपनीचे माइल किंवा पॉइंट मिळवून देणारे क्रेडिट कार्ड. माइलच्या बदल्यात तिकीट घेता येते किंवा वरच्या वर्गात बसता येते. कार्डानुसार विमानतळावरील लाउंज, जादा सामान, वर्षाला एखादे तिकीट अशा सवलतीही असतात. कार्ड देते आणि उधारीची जोखीम उचलते ती बँक. माइल काढते आणि त्यांचे मोल ठरवते ती विमान कंपनी. या दोघांमधला करार कार्डधारकाला पाहायला मिळत नाही. सवलती वारंवार का बदलतात याचे बरेचसे उत्तर याच रचनेत आहे. म्हणून प्रस्तुत नोंदीत सवलतींच्या यादीपेक्षा त्यांतील बदलांना अधिक जागा दिली आहे. बँकेचे स्वतःचे पॉइंट निरनिराळ्या विमान कंपन्यांच्या माइलमध्ये वळवू देणारी कार्डे काटेकोरपणे को-ब्रँडेड नव्हेत, पण लोक ती त्याच हेतूने घेतात, म्हणून त्यांचाही येथे विचार केला आहे.

अर्थव्यवहार : कार्डाने खरेदी झाली की दुकानदाराच्या बँकेकडून रकमेचा काही अंश कार्ड देणाऱ्या बँकेकडे येतो. याला इंटरचेंज शुल्क म्हणतात. त्यात वार्षिक शुल्काची आणि थकबाकीवरील व्याजाची भर पडते. या उत्पन्नातून बँक विमान कंपनीकडून घाऊक भावाने माइल विकत घेते आणि ते ग्राहकाच्या खात्यात जमा होतात. विमान कंपनीला पैसे आज मिळतात, आसन मात्र पुढे कधीतरी आणि बहुधा रिकामे जाण्याजोगे द्यायचे असते. हा व्यवहार केवढा मोठा असू शकतो, हे अमेरिकेत दिसते. डेल्टा कंपनीला अमेरिकन एक्स्प्रेसकडून २०२४ मध्ये सुमारे ७.४ अब्ज डॉलर मिळाले. त्या वर्षीचा डेल्टाचा परिचालन नफा यापेक्षा कमी होता. २०२०च्या महासाथीत विमाने जमिनीवर असताना युनायटेड एअरलाइन्सने आपला मायलेजप्लस कार्यक्रम तारण ठेवून ६.८ अब्ज, तर डेल्टाने स्कायमाइल्सच्या तारणावर ९ अब्ज डॉलर उभे केले. बिल दरमहा पूर्ण भरणाऱ्याच्या मोफत तिकिटाचा काही भार थकबाकीवर व्याज भरणाऱ्यांवर पडतो, असे अनेक अभ्यासक मानतात; तो किती, याविषयी मतभेद आहेत.

न वापरलेले माइल ही विमान कंपनीच्या हिशेबात देणी असतात. भारतात १ एप्रिल २०१८ पासून लागू झालेल्या इंड एएस ११५ या लेखामानकानुसार तिकीटविक्रीच्या किंवा माइलविक्रीच्या उत्पन्नाचा संबंधित भाग माइल वापरले जाईपर्यंत पुढे ओढावा लागतो. मुदत संपून बुडणाऱ्या माइलचा अंदाजही त्यात धरला जातो. एका तिकिटासाठी पूर्वी १०,००० माइल लागत असतील आणि उद्यापासून १५,००० लागणार असतील, तर प्रत्येक माइलमागचे देणे हलके होते. अवमूल्यनाची ओढ अशी हिशेबाच्या वहीतच असते. हा मुद्दा कार्डांच्या तुलनात्मक तक्त्यांत सहसा येत नाही. वास्तविक तो पहिल्या ओळीत यायला हवा.

इतिहास : टेक्सास इंटरनॅशनल एअरलाइन्सने १९७९ मध्ये अंतरावर आधारित बक्षीस योजना सुरू केली होती, पण आजच्या कार्यक्रमांचा साचा घातला तो अमेरिकन एअरलाइन्सच्या एअॅडव्हांटेजने (मे १९८१). युनायटेडची योजना त्यामागोमाग काही दिवसांतच आली. १९८७ मध्ये सिटीबँकेने एअॅडव्हांटेजचे कार्ड काढले आणि विमानात पाऊलही न ठेवता माइल साठू लागले. पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, अमेरिकन एअरलाइन्सने साठलेल्या माइलवर मिळणाऱ्या आसनांच्या संख्येवर मर्यादा आणि काही तारखांवर बंदी घातली. त्यातून उद्भवलेला खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला (पुढे ‘कायदा’ पहा). २०१५ मध्ये डेल्टाने माइल देण्याचा आधार अंतराऐवजी भाड्याची रक्कम हा केला आणि त्याच वर्षी कोणत्या प्रवासाला किती माइल लागतील याचा जाहीर तक्ताही काढून टाकला. तक्ता असताना दरवाढ निदान दिसत असे आणि तिचा दिनांक सांगता येत असे. तक्ता गेल्यावर रोजचा भाव हाच नियम झाला. अमेरिकेच्या परिवहन विभागाने सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकन, डेल्टा, साउथवेस्ट आणि युनायटेड या चार कंपन्यांकडून त्यांच्या बक्षीस कार्यक्रमांची माहिती मागवली.

भारत : जेट एअरवेजच्या जेटप्रिव्हिलेज कार्यक्रमाची कार्डे अनेक बँकांनी काढली होती. २०१४ मध्ये हा कार्यक्रम वेगळ्या कंपनीत नेऊन तिचा ५०.१ टक्के हिस्सा इतिहाद या विमान कंपनीने घेतला. जेटची उड्डाणे १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली, तरी वेगळ्या कंपनीत असल्याने माइल तत्काळ शून्य झाले नाहीत. नोव्हेंबर २०१९ मध्ये कार्यक्रमाला इंटरमाइल्स हे नाव मिळाले. मात्र ज्या विमानांसाठी ते जमवले होते ती विमाने नव्हती, आणि बँकांची कार्डे यथावकाश इतर कार्डांत विलीन झाली. किंगफिशरची उड्डाणे ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली तेव्हा असा आडोसाही नव्हता.

भारतात या प्रकारातील सर्वांत उदार आणि शेवटाची तारीखवार नोंद उपलब्ध असलेली कार्डे विस्ताराची होत. टाटा सन्स (५१ टक्के) आणि सिंगापूर एअरलाइन्स (४९ टक्के) यांच्या या कंपनीचे पहिले व्यापारी उड्डाण ९ जानेवारी २०१५ रोजी झाले. अॅक्सिस बँकेने तिची तीन कार्डे काढली : साधे, सिग्नेचर व इन्फिनिट, वार्षिक शुल्क अनुक्रमे १,५००, ३,००० आणि १०,००० रुपये. शुल्क भरताच अनुक्रमे इकॉनॉमी, प्रीमियम इकॉनॉमी व बिझनेस वर्गाचे एक देशांतर्गत तिकीट मिळे. त्यानंतर वर्षभरातील खर्चाचे टप्पे लागत. इन्फिनिटवर हे टप्पे २.५ लाख, ५ लाख, ७.५ लाख आणि १२ लाख रुपयांचे होते आणि प्रत्येक टप्प्याला बिझनेस वर्गाचे आणखी एक तिकीट येत असे. म्हणजे वर्षाला बारा लाखांचा खर्च कार्डावर वळवू शकणाऱ्याला पाच तिकिटे, शिवाय २०० रुपयांना ६ या दराने ३६,००० पॉइंट. तिकिटावरचे कर व अधिभार प्रवाशाने भरायचे असत आणि ठरावीक आसनेच उपलब्ध असत. तरीही मुंबई–दिल्लीसारख्या मार्गावर एका फेरीतच शुल्काची भरपाई होई. मध्यमवर्गीय कुटुंबातील ज्यांनी बिझनेस वर्ग कधी पाहिला नव्हता, अशा अनेकांना तो या कार्डामुळे परवडला. त्याची दखल कोशात घेणे आवश्यक आहे, कारण पुढे जे गेले ते केवळ जाहिरातीतले आमिष नव्हते. एसबीआय कार्ड, आयडीएफसी फर्स्ट आणि इंडसइंड यांचीही विस्तारा कार्डे होती.

विस्ताराचे अखेरचे उड्डाण ११ नोव्हेंबर २०२४ रोजी झाले आणि दुसऱ्या दिवशी कंपनी एअर इंडियात विलीन झाली. क्लब विस्ताराचे पॉइंट एकास एक या प्रमाणात एअर इंडियाच्या कार्यक्रमात गेले. तोच कार्यक्रम पुढे महाराजा क्लब म्हणून ओळखला जाऊ लागला. पॉइंटांचा आकडा तोच राहिला, पण ज्या तिकीटदरपत्रकासाठी तो साठवला होता ते बदलले. कार्डांच्या सवलती २०२५ च्या वसंतात एकामागून एक संपल्या : आयडीएफसी फर्स्टच्या टप्प्यांवरील तिकिटे ३१ मार्चला, एसबीआयची व्हाउचर १ एप्रिलपासून, अॅक्सिसचे टप्पे १८ एप्रिलपासून. अॅक्सिसने त्यानंतर नूतनीकरण होणाऱ्या कार्डांचे वार्षिक शुल्क माफ केले. ही माफी न्याय्य होती. परंतु ज्यांनी शुल्क आधीच भरले होते आणि वर्षाच्या मध्यावर एखाद्या टप्प्याच्या जवळ आले होते, त्यांच्या खर्चाचा विचार त्यात नाही. शुल्क वर्षाचे घेतले असेल तर टप्पेही ते वर्ष संपेपर्यंत चालले पाहिजेत, अशी अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.

एअर इंडियाने एप्रिल २०२४ मध्ये पॉइंट देण्याचा आधार अंतराऐवजी भाड्याची रक्कम हा केला. एअर इंडिया एसबीआय सिग्नेचर कार्डावर कंपनीच्या तिकिटांसाठी १०० रुपयांना ३० पॉइंट मिळत. ३१ मार्च २०२५ पासून ते १० झाले. प्लॅटिनमवर १५ चे ५ झाले. इंडिगोने अनेक वर्षे स्वतःचा निष्ठा कार्यक्रम ठेवलाच नव्हता. २०२० मध्ये एचडीएफसी बँकेबरोबर ६ई रिवॉर्ड्स कार्ड आणि २०२४ मध्ये ब्लूचिप कार्यक्रम आला.

बदलांचे स्वरूप : बदल क्वचितच एकाच ठिकाणी होतो. खर्चावरचा दर घटतो, काही खर्च मोजले जाणे थांबते, पॉइंट वळवण्याचे प्रमाण बदलते, किंवा तिकिटाला लागणारे माइल वाढतात. यांतले दोन बदल एकत्र आले की त्यांचा गुणाकार होतो, बेरीज नव्हे. अॅक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डाचे उदाहरण यासाठी नमुनेदार आहे. या कार्डावर २०० रुपयांना १२ पॉइंट मिळत आणि महिन्यात एक लाख रुपये खर्च झाल्यास २५,००० पॉइंटांची भर पडे. लाखाच्या खर्चावर अशा रीतीने ३१,००० पॉइंट होत आणि ५ पॉइंटांचे ४ माइल या प्रमाणाने त्यांचे २४,८०० माइल बनत. १ सप्टेंबर २०२३ पासून मासिक भर बंद झाली, प्रमाण ५ ला २ झाले आणि वार्षिक शुल्क १०,००० वरून १२,५०० रुपयांवर गेले. तोच लाखाचा खर्च आता २,४०० माइल देऊ लागला, म्हणजे आधीच्या दहाव्या भागाहूनही थोडे कमी. दीड लाखाच्या पुढील मासिक खर्चाला वाढीव दर ठेवला होता आणि बँकेच्या बरगंडी या बड्या ग्राहकांच्या गटाला जुने प्रमाण वेगळ्या कार्डावर मिळाले. मधल्या ग्राहकाला मात्र दोन्हींचा उपयोग नव्हता. मूळ योजना टिकाऊ होती का, असा प्रश्न विचारला जातो. लाखाला २४,८०० माइल देणे कोणत्याही बँकेला इंटरचेंजमधून परवडणारे नव्हते, हे मान्य करावे लागते.

वगळलेल्या खर्चांची यादी सर्वांत शांतपणे वाढते. घरभाडे, वॉलेट भरणे, इंधन, विमा, सरकारी देयके यांवरचे पॉइंट बहुतेक बँकांनी टप्प्याटप्प्याने कमी किंवा बंद केले. घरभाड्यावर आयसीआयसीआय बँकेने २० ऑक्टोबर २०२२ पासून एक टक्का शुल्कही लावले. लाउंजच्या बाबतीत मोफत प्रवेशाला खर्चाची अट जोडणे हा सरसकट मार्ग ठरला : एचडीएफसी बँकेने रिगेलिया कार्डावर १ डिसेंबर २०२३ पासून तिमाहीत एक लाखाची, आयसीआयसीआयने अनेक कार्डांवर १ एप्रिल २०२४ पासून मागील तिमाहीत ३५,००० रुपयांची अट घातली.

बँक बदलल्यानेही कार्ड बदलते. सिटीचा भारतातील ग्राहकव्यवसाय १ मार्च २०२३ रोजी अॅक्सिसकडे गेला आणि प्रीमियरमाइल्स कार्डाचे धारक २०२४ मध्ये अॅक्सिसच्या होरायझन कार्डावर आले.

कायदा : अमेरिकेत १९७८ च्या विमान वाहतूक नियंत्रणमुक्ती कायद्याने भाडे, मार्ग व सेवा यांविषयी राज्यांना नियम करण्यास मनाई केली. अमेरिकन एअरलाइन्स विरुद्ध वॉलेन्स (१९९५) या खटल्यात, १९८८ च्या बदलांविरुद्ध राज्याच्या ग्राहक कायद्याखाली दाद मागता येणार नाही, मात्र कंपनीने स्वतः केलेला करार मोडल्याचा दावा चालेल, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. नॉर्थवेस्ट विरुद्ध गिन्सबर्ग (२०१४) मध्ये करारात गृहीत धरल्या जाणाऱ्या सद्भावनेच्या कर्तव्यावर आधारलेला दावाही न्यायालयाने एकमताने फेटाळला. उरला तो छापील करार, आणि कार्यक्रम केव्हाही बदलण्याचा हक्क त्यातच राखून ठेवलेला असतो.

भारतात या विषयाचे मुख्य नियम रिझर्व्ह बँकेच्या २१ एप्रिल २०२२ च्या कार्डविषयक निर्देशांनी घालून दिले. त्यांनुसार को-ब्रँडेड कार्डातील भागीदाराची भूमिका कार्डाचा प्रचार व वितरण आणि स्वतःच्या वस्तू वा सेवा उपलब्ध करणे एवढीच असते. शुल्कवाढ किमान एक महिना आधी कळवून पुढील काळासाठीच करता येते. ती मान्य नसलेल्याला जादा आकार न भरता कार्ड परत करता येते. कार्ड बंद करण्याची विनंती, थकबाकी नसल्यास, सात कामकाजी दिवसांत पूर्ण न केल्यास बँकेला दिवसाला ५०० रुपये दंड पडतो. या तरतुदींचा रोख शुल्क आणि कार्ड बंद करणे यांवर आहे. साठलेल्या पॉइंटांचे मोल राखण्याचे बंधन त्यांत नाही. एकात्मिक लोकपाल योजनेतून (२०२१) बँकेच्या व्यापारी निर्णयांविषयीच्या तक्रारी वगळल्या आहेत, त्यामुळे पॉइंटांच्या दराबद्दलची तक्रार तेथे टिकणे कठीण असते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अन्याय्य करार’ ही संकल्पना आली असून त्याविषयीची तक्रार जिल्हा आयोगाकडे नव्हे, तर राज्य किंवा राष्ट्रीय आयोगाकडे करावी लागते. काही हजार पॉइंटांसाठी तेथवर जाणे सामान्य कार्डधारकाच्या आवाक्याबाहेरचे आहे.

युरोप : युरोपीय संघाने २०१५ मध्ये ग्राहकांच्या क्रेडिट कार्डांवरील इंटरचेंज ०.३ टक्क्यांवर आणल्यानंतर तेथील माइल देणारी अनेक कार्डे आखडली किंवा बंद झाली.

करआकारणी : कामानिमित्तच्या प्रवासातून मिळालेल्या माइलच्या वैयक्तिक वापरावर कर मागणार नसल्याचे अमेरिकेच्या महसूल खात्याने २००२ मध्ये जाहीर केले.