उत्तराची दाद

माझे आजोबा, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, फडात झिलकरी होते. शाहिराच्या मागे उभं राहून सूर धरायचा, 'जी जी' ओढायची, हे त्यांचं काम. पण कुणाच्या गाण्याची पारख करताना ते गळ्याबद्दल बोलतच नसत. "आवाज देवानं दिला, त्यात त्याचं काय? उत्तर काय दिलं ते सांग," म्हणायचे. कलगी-तुऱ्यात मुरलेल्या माणसाचा हा निवाडा होता आणि मला तो आजही पटतो.

कलगीवाले शक्तीला थोर मानणारे, तुरेवाले शिवाला. हे दोन पक्ष जत्रेत समोरासमोर बसत. एकानं डफावर थाप मारून भेदिक लावणीतून कूट टाकायचं, दुसऱ्यानं ते सोडवायचं; तेही त्याच चालीत, यमक सांभाळून आणि शेवटी उलट सवाल ठेवून. समजा, सवाल आला: नऊ दारांचा वाडा, पाच पहारेकरी, धनी मात्र कुणाच्या दृष्टीस पडत नाही, तर हा वाडा कोणता? देह, पाच ज्ञानेंद्रियं आणि आत्मा, हे माळकऱ्याच्या घरातलं पोरगंही सांगेल. खरी कसोटी पुढेच. धनी वाडा सोडून जातो तेव्हा एकाही पहारेकऱ्याला त्याची चाहूल का लागत नाही, असा उलटा सवाल जागच्या जागी ज्याला सुचला, त्यानं रात्र जिंकली. तात्या सांगत, अशा वेळी पहिली दाद समोरच्या फडातल्या जाणत्याकडून यायची, मग मंडप उसळायचा. ती दाद बिदागीहून मोठी धरत. ऐकणाऱ्यांत अक्षरओळख नसलेली माणसंच जास्त. पण पुराणं कीर्तनांतून कानावर पडलेली असल्यामुळे त्यांना चकवणं सोपं नव्हतं.

या वाटेवरचा सगळ्यांत बुद्धिमान माणूस म्हणजे सोलापूरचा राम जोशी (१७६२–१८१२). घरात वेदविद्या, मुद्गल हे थोरले बंधू पुराण सांगणारे आणि हा धोंडी शाहिराच्या फडावर रमणारा. घराबाहेर पडावं लागलं. पंढरपुरात त्यानं संस्कृत आत्मसात केलं आणि ते लावणीत असं मुरवलं की ऐकणाऱ्याला सांधा दिसू नये. यमकांवर अवघी हयात घालवलेल्या मोरोपंतांनी त्याला 'कविप्रवर' म्हटलं. पंडितानं डफवाल्याला दिलेल्या या शाबासकीहून मोलाची शाबासकी मराठीत मला ठाऊक नाही.

पुढे रेठरे हरणाक्षच्या श्रीधर कुलकर्णींनी घरदार सोडून फड धरला आणि ते पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) झाले. मग सवाल-जवाब पडद्यावर आले. १९४७ सालच्या 'लोकशाहीर रामजोशी'साठी गदिमांनी लिहिलं, १९६४ साली अनंत मान्यांनी 'सवाल माझा ऐका!' काढला. दोन्ही चित्रपट मला मनापासून आवडतात. पण पडद्यावर सवाल आणि जवाब एकाच लेखणीतून उतरतात. शाहीर अडकतो की सुटतो, या धास्तीनं श्वास रोखून बसण्याचं सुख तिथे नाही. ते अजून मिळतं रत्नागिरीकडच्या शक्ती-तुऱ्याच्या सामन्यांत; चाकरमान्यांनी ते मुंबईच्या नाट्यगृहांतही नेले आहेत.

ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ साली पोवाडे छापले, म्हणून कितीतरी पोवाडे तगले. भेदिकाच्या वाट्याला तेवढं भाग्य आलं नाही. शाहीर आपली बाडं कुणाला दाखवत नसत, कारण उत्तर फुटलं की सवाल मेला. तात्यांच्या फडाचं बाडही असंच कुणाच्या तरी माळ्यावर गेलं, ते गेलंच. तेव्हा तुमच्या घरात असं एखादं बाड असेल तर ते रद्दीत घालू नका. पानांचे फोटो काढून ठेवा. आणि गावात एखादा जुना झिलकरी हयात असेल, तर आधी त्याच्याकडे जा आणि त्याच्या तोंडून चाली रेकॉर्ड करून घ्या. बाडात त्या सापडणार नाहीत.