गोगट्यांचें अपील : न लागलेल्या गोळीचा निवाडा

वासुदेव बळवंत गोगटे यांनीं २२ जुलै १९३१ रोजीं पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयांत मुंबईचे हंगामी गव्हर्नर सर अर्नेस्ट हॉटसन यांजवर गोळ्या झाडल्या, हा वृत्तांत सर्वश्रुत आहे. सोलापुरांतील १९३० चा लष्करी अंमल व पुढें १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्यास चौघांस झालेली फांशी, हें त्या कृत्याचें मूळ. आठ वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली, एवढें सांगून कथा सहसा संपविली जाते.

कागदाची खरी गोडी पुढेंच आहे. उच्च न्यायालयांतील अपिलाचा निवाडा ‘बाँबे लॉ रिपोर्टर’च्या ३४ व्या खंडांत पृष्ठ ५७१ पासून छापलेला आहे, संग्राहकांनीं तो अवश्य जपावा. गोळ्या दोन सुटल्या, त्याही अगदीं जवळून. परंतु काडतुसांच्या दोषामुळें म्हणा कीं खिशांतील चामडी पाकिटामुळें म्हणा, हॉटसन बचावले. मग यास खुनाचा प्रयत्न म्हणावें काय? १८६७ च्या कॅसिडी खटल्यांत याच न्यायालयानें म्हटलें होतें कीं, कृत्य स्वभावतःच प्राणघातक असलें पाहिजे; तेथील बंदूक ठासलेली होती, पण तिला टोपी नव्हती. मुख्य न्यायाधीश बोमाँट यांनीं ही पळवाट बुजविली : मध्यें आडकाठी आली नसती तर खून झालाच असता, एवढें पुरे. दोष कायम झाला.

पाकिटापुरता हा युक्तिवाद आम्हांस बिनतोड वाटतो. पण काडतूसच सदोष असेल, तर तें कॅसिडीच्या टोपीहून निराळें कसें? १९६१ सालीं, पत्नीस उपाशी ठेवणाऱ्या एका पतीच्या अपिलांत, सर्वोच्च न्यायालयास हे दोन्ही निवाडे पुन्हा तपासावे लागले.